घरात माणसं किती?

शेकोटीची राख रोज उपसावी लागते. एक दिवस आळस केला की दुसऱ्या दिवशी लाकूड ठेवायला जागा उरत नाही. आमच्या वाडीवरच्या गोष्टींचं तसंच झालं आहे. अकोल्यात येऊन इतकी वर्षं झाली, तरी चार बायका कापूस निवडायला बसल्या की कोणीतरी म्हणतंच, "भागाबाई, सांगा ना व तुमच्या पहाडावरचं एखादं!" मी सांगते. त्या हसतात. हसून झालं की एखादी डोळ्याला पदर लावते आणि मलाच विचारते, "हे हसाचं होतं का रडाचं?"

मला काय ठाऊक! घडलं तसं सांगते. माझा बाप सायबाच्या बंगल्यावर माळी होता, तिथल्या मास्तरानं मला चार बुकं शिकवली, म्हणून आता लिहून ठेवते. गोड लिहिता येत नाही. येत असतं तरी लिहिलं नसतं.

*

आमची वाडी चिखलदऱ्याच्या पठारावर. पाच घरं, सगळी माळ्यांची. आलू, लसूण, कोबी लावायचा, थोडा बंगल्यांवर द्यायचा, बाकीचा घाट उतरून परतवाड्याच्या बाजारात न्यायचा. तुम्हा खालच्या लोकांना थंडी सांगून कळायची नाही, म्हणून आधी महादूच्या लुगड्याची गोष्ट सांगते.

महादू म्हणजे आमचा शेजारी. पौषातल्या एका सकाळी डोळे चोळत बाहेर आला, तर कुंपणापाशी बायको उभी. पुतळी तिचं नाव. हा म्हणाला, "काय व, आज लवकर उठली?" उत्तर नाही. "चूल पेटवली का?" उत्तर नाही. मग याचं डोकं फिरलं. तिच्या बापाचा उद्धार केला, भावाचा केला, तरी ती गप्प! तावातावानं जवळ जाऊन पाहतो तर काय, वाळत घातलेलं ओलं लुगडं दंवानं गोठून कुंपणावर ताठ उभं! खरी पुतळी घरात घोंगडीखाली घोरत होती.

शेकोटीवर त्यानं स्वतःच सांगितलं. "खरं सांगतो, लगन झाल्यापासून पयल्यांदा वाटलं, का बायको आपलं आयकून राह्यली!"

असा आमचा पौष. माझ्या घरात तो शब्द अजूनही कोणी मोठ्यानं बोलत नाही.

*

आधी लाकूड फुकट होतं. मग खाली वऱ्हाडात कापसाला सोन्याचा भाव आला, त्याच सुमारास वर आमचं जंगल सरकारचं झालं. वाटेवर नाका बसला, नाक्यावर नाकेदार बसला. बागेवर पट्टी होतीच, गाईच्या चराईवर होतीच, आता लाकडावरही आली.

रीत अशी. दिवाळीच्या आधी नाकेदार घरोघर येऊन डोकी मोजणार. जितकी डोकी तितकी पट्टी, आणि हिवाळाभर तितक्याच मोळ्यांचा पास. डोकं जास्त लिहिलं तर पट्टी जास्त, पण मोळ्याही जास्त. डोकं कमी तर पट्टी कमी आणि मोळ्याही कमी. पासाबाहेर एक काटकी जरी उचलली तरी दंड.

नाकेदार नांदगाव खंडेश्वरचा. काळ्या मातीतला, उन्हातला माणूस, थंडीनं पार बेजार. कानाला फडकं, त्यावर पागोटं, त्यावर घोंगडं. नुसते दोन डोळे दिसायचे. पहिल्या दिवशी त्यानं हुकूम वाचून दाखवला. लाकूड सरकारचं, गवत सरकारचं, झाडाची साल सरकारची, खाली पडलेला पालासुद्धा सरकारचा.

माझी सासू पुढे झाली. आत्याबाई म्हणायचो तिला. तिच्यापुढे वाडीवरचे बैलसुद्धा मान खाली घालून चालायचे.

"समदं सरकारचं?"

"हो आजी."

"मंग थंडी कोनाची?"

 नाकेदार हुकुमाचा कागद उलटसुलट करून पाहू लागला!

"थंडी बी सरकारनंच घेऊन जा म्हना! तिची पट्टी आमी देतो!"

*

मग सुरू झाली डोकी लपवायची कला. तिची गुरू आत्याबाईच. मोजणीच्या दिवशी वाडीवर कोणाला कुठे कोंबायचं हे ती ठरवायची. तरण्या पोरींना बागेत पाठवायची, पाहुण्याला घाटात. एक वर्ष महादूच्या बापाची पाळी आली. गणबा बुढा. चालता येत नव्हतं बिचाऱ्याला, म्हणून धान्याच्या रिकाम्या कणगीत उतरवला आणि वर सूप झाकलं.

नाकेदार आला. "मानसं किती?"

"चार," पुतळी म्हणाली.

तो लिहिणार तोच कणगी खोकलली.

"कनगीत काय हाय?"

"जवारी."

"जवारी खोकलते?"

"थंडीच तशी हाय!" आत्याबाई मागून म्हणाली.

नाकेदारानं कणगीकडे पाहिलं. मग चार लिहून वही मिटली आणि जाता जाता म्हणाला, "जवारीले अद्रक-गुळाचा काढा पाजा."

आम्ही पोट धरून हसलो. पण चौघांचं लाकूड पाच जणांना किती पुरणार? गणबा बुढा शिमग्याच्या आतच गेला. पुढच्या दिवाळीत नाकेदारानं कणगीकडे बोट करून हळूच विचारलं, "जवारी?"

पुतळी म्हणाली, "सरली."

*

आमच्या घरची मोजणी आत्याबाई सांगायची. ती, माझा घरधनी आणि मी. तीन. नारायण झाला तेव्हा आम्ही चार झालो.

तो आठ महिन्यांचा असताना मोजणी आली. आत्याबाईनं डोळ्यानं खूण केली. मी पोराला पदराखाली घेतलं, अंगावर लावलं आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

"मानसं किती?"

"तीन," आत्याबाई म्हणाली.

पोरगा एवढा शहाणा, हूं नाही की चूं नाही! नाकेदार गेल्यावर आत्याबाईनं त्याला माझ्याकडून ओढून घेतला, वर उडवला. "वा रे माह्या वाघा! एवढासा जीव, आन सरकारले फसवलं!" त्या दिवशी घरात गुळाची पोळी झाली.

तिघांच्या मोळ्या पौष अर्धा झाला तेव्हाच सरल्या. नारायणानं माघ पाहिला नाही. त्याला दृष्ट लागली, असं सगळ्यांनी ठरवलं. मीही ठरवलं.

मग दोन वर्षांनी सोनी झाली. मोजणीला ती सात महिन्यांची होती. तीही पदराखाली, तीही गप्प. तीही पौषातच. या वेळी दृष्टीचं नाव कोणी काढलं नाही.

दोघांना बागेच्या वरच्या बांधाला, आंब्याखाली पुरलं. वहीत ती कधी चढलीच नव्हती, म्हणून उतरवावीही लागली नाहीत. पुढच्या दिवाळीत नाकेदार आला. "तीन?"

"तीन," आत्याबाई म्हणाली.

या वेळी खरं बोलली.

*

लाकूड पुरेना म्हणून पाचही घरांनी मिळून एकच शेकोटी करायचं ठरवलं. दिवस उगवायच्या वेळी सगळे तिच्याभोवती. तिथेच मग खाली जायच्या गोष्टी सुरू झाल्या. पुरुष रोज हिशेब मांडायचे. इथं थंडी, तिथं ऊन. इथं तीन पट्ट्या, तिथं कापूस. रोज सकाळी ठरायचं, "बस! आता जाचंच! चला!"

आणि कोणी उठायचं नाही! कारण जो उठला त्याची धगीजवळची जागा दुसरा घेणार. एक जण टेकवलेला हात उचलायचा, बाजूचा लगेच सरकायला तयार, की हा पुन्हा बसायचा. सबंध एक हिवाळा पाच घरं गाव सोडत होती आणि कोणाचं बूड हललं नाही.

शेवटी पुतळीच पाण्याची घागर घेऊन आली आणि म्हणाली, "सांगा, इझवू का? तवाच निघसान तुमी!"

*

ती घागर महादूनं मनावर घेतली. तो पाहून येतो म्हणून उतरला, अमरावतीवरून अकोल्यापर्यंत जाऊन महिन्यानं परत आला. शेकोटीवर त्याला सगळ्यात चांगली जागा दिली, धूर न येणारी.

साता समुद्रापलीकडे कुठेतरी लढाई लागली आहे म्हणे, तिकडचा कापूस बंद झाला, म्हणून विलायत आता वऱ्हाडच्या तोंडाकडे पाहते. "एकानं तं गाडीच्या चाकाले चांदीची धाव ठोकली!" महादू म्हणाला. "मजूर भेटत नाही. वेचाले मानसं पायजेत, वाफे काढाले मानसं पायजेत."

"आन थंडी?" मी विचारलं.

"हुडकून सापडत नाही वयनी."

"पट्टी?" आमच्या घरधन्यानं विचारलं.

"पट्टी हाय ना भाऊ! पन घाम फुकट हाय!"

येताना त्यानं एक फुटलेलं बोंड आणलं होतं. ते हातोहात फिरलं. कोणी फुंकून पाहिलं, कोणी दाबून. आत्याबाईनं ते गालाला लावलं आणि तसंच धरून बसली.

"गरम हाय व हे," म्हणाली.

पुढच्यानं हात पुढे केला. तिनं बोंड कनवटीला खोचलं. कोणाची मागायची हिंमत झाली नाही. त्या उन्हाळ्यातच महादू आणि पुतळी बिऱ्हाड घेऊन अकोल्याला गेले.

*

त्याआधी फाल्गुनात मला तिसरं लेकरू झालं, मुलगी. तिचं नाव धोंडी. दोन गेल्यावर तिसऱ्याला असंच नाव देतात, कोणाला हवंसं वाटू नये म्हणून. सोनी म्हणून पाहिलं होतं, पुरे झालं.

मी एकच ठरवलं होतं. धोंडीला पहाडावरचा पौष दाखवायचा नाही. ती आणि पौष, दोघांपैकी एकच माझ्या घरात राहील.

माझा घरधनी वाईट माणूस नव्हता. मातीचा होता, माती सोडवत नव्हती. चैत्रात म्हणाला, "लसून निंघला का जाऊ." लसूण निघाला. मग म्हणाला, "आलू निंघले का जाऊ." आलू निघाले. मग कोबीची रोपं लावली! प्रत्येक वेळी आमचा मुहूर्त जमिनीत पुरलेला. आश्विन आला, आता मोजणीला नाकेदार कधीही येणार, तेव्हा मी त्याला विचारलं, "आनखी काय पुरल्यावर जाऊ आपन?"

तो उठून बागेत गेला. वरच्या बांधाला बराच वेळ उभा राहिला. आणि मग कोबीला पाणी द्यायला लागला!

दुसऱ्या दिवशी मी धोंडीला पाठीशी बांधलं, जात्याचा वरचा दगड डोक्यावर घेतला आणि घाटाची वाट धरली. पहिल्या वळणावर घरधनी धावत आला.

"कुठी चालली?"

"उन्हात!"

"आन हे जातं कायले?"

"अर्धंच नेऊन राह्यली. भाकर खाची असंन तं उरलेलं घेऊन ये!"

मी घाटाच्या पायथ्याशी जाऊन बसले. दिवस मावळायच्या आत तो आला. डोक्यावर जात्याचा खालचा दगड, मागे गाय आणि हातात एक नवी कुंची.

"मायनं देल्ली. धोंडीसाठी."

कुंचीच्या आत मऊ लागलं. ते बोंड तिनं पिंजून टोपीत भरलं होतं.

"आत्याबाई कुठी हायत?"

"येत नाही म्हनते. मले ऊन सोसत नाही म्हनते."

"तिनं कधी पाह्यलं ऊन?"

 दगड त्याच्या डोक्यावर तसाच होता. उतरवायचंही भान नव्हतं.

*

अकोल्यात त्या वर्षीचा पौष आला तसा गेला. मी रोज सकाळी धोंडीच्या पायाला हात लावून पाहायची. ऊन पाय. महिनाभर ऊन पाय.

चैत्रात तिच्या अंगावर लाल पुरळ उठलं. मानेवर, पाठीवर, सगळीकडे. मी तिला उचलून शेजारच्या म्हातारीकडे धावले. तिनं पाहिलं आणि हसली. "अव माय, घामोळं हाय हे! लेकराले उकडून राह्यलं!"

मी मोठ्यानं रडायला लागले. म्हातारी घाबरली. शेजारणींना सांगत सुटली, "पहाडावरची बाई येडी हाय! घामोळं पाहून रडते!"

पुढे ती लढाई थांबली, कापसाचा भाव पडला, चाकांची चांदी निघून गेली. बऱ्याच लोकांनी डोक्याला हात लावले. मी नाही. मी भावासाठी आलेच नव्हते.

*

घामोळं उठलं त्याच वर्षीच्या वैशाखातली गोष्ट. अकोल्याचं ऊन कसं असतं ते तुम्हाला सांगायला नको. दिवस उगवतानाच भिंतीला हात लावला तर पोळतो. अशा सकाळी आमच्या शेजारून धूर निघाला, आणि अर्धी आळी बादल्या-घागरी घेऊन धावली.

पाहतात तर अंगणात महादू आणि पुतळी ऐटीत शेकोटी पेटवून बसलेली! दोघांच्या अंगावरून घामाच्या धारा.

"काहून बे, पागल झाला का? कायले पेटवली?" एकानं विचारलं.

महादू ओशाळला. म्हणाला, "बोलाले."

"बोलाले?"

"सा महिने झाले, आमी नवरा-बायको बोललो नाही. भांडन नाही काही. शेकोटीबिगर सुरू कुठून कराचं, थेच समजत नाही!"

लोक हसून लोळले. मी मात्र गेले आणि त्यांच्याजवळ बसले. घरधनीही आला. चौघं घामानं निथळत बसलो, आणि कोणीच काही बोललं नाही. एक जागा कोणी न सांगता रिकामी ठेवली होती. धूर न येणारी.

*

दिवाळी जवळ आली तसा घरधनी म्हणाला, "या वक्ती मायले उचलूनच आनतो." मी म्हटलं, मीही येते, तुझ्यानं ती उचलली जायची नाही. धोंडीला कडेवर घेतलं. आत्याबाईला ती दाखवायची होती, घामोळ्यासकट.

वाडीवर पोचलो तर मोजणीचाच दिवस. नाकेदार तोच. कानाला तेच फडकं, तेच पागोटं, तेच घोंगडं. आत्याबाईच्या दारात वही उघडून बसला होता. आम्ही कुंपणाशीच थांबलो.

"यंदाबी तुमचं सोपं हाय आजी," तो म्हणाला. "एकच डोकं. एक लिवतो."

"थांब. तीन लिव."

तो हसला. "उलटं कराले लागल्या का आता? जलमभर लपवले, आन आता वाढवून राह्यल्या? तिघाची पट्टी पडन!"

"पडू दे." तिनं कनवटीची गाठ सोडून त्याच्यापुढे ठेवली. तिच्या हातात कायम असायचं ते चांदीचं कडं दिसत नव्हतं.

"बरं. नावं सांगा."

"सखू."

"हे तुमी. दुसरं?"

"नारायन."

माझ्या घरधन्यानं कुंपणाचा खांब धरला.

"तिसरं?"

"सोनी."

नाकेदाराची लेखणी थांबली. "आजी, डोकं पाह्यल्याबिगर मले लिवता येत नाही. हुकूम हाय. कुठी हायत?"

"झोपले हायत," आत्याबाई म्हणाली. "हळू बोल."

तिनं हनुवटीनं वरच्या बांधाकडे दाखवलं. आंब्याखाली शेजारी-शेजारी राखेचे दोन लहान ढीग होते. एकातून अजून बारीक धूर निघत होता.

 नाकेदारानं पागोटं काढलं, कानाचं फडकं सोडलं. एवढ्या वर्षांत त्याचं तोंड मी पहिल्यांदा पाहिलं.

"वय?" त्यानं हळू आवाजात विचारलं.

"त्याले आठ महिने. तिले सात."

त्यानं लिहिलं. मी पुढे होऊन वाचलं. तीन नावं एकाखाली एक, वळणदार अक्षरात. त्यानं तिघांच्या मोळ्यांचा पास फाडून आत्याबाईच्या हातात दिला, आणि तेव्हा त्याचं लक्ष माझ्या कडेवर गेलं. त्यानं लेखणी पुन्हा शाईत बुडवली.

"आन हे?"

आत्याबाई उठली. माझ्याजवळ आली. धोंडीची कुंची सरळ केली, तिच्या मानेवरच्या घामोळ्याच्या डागावरून बोट फिरवलं.

"हिले नको लिवू," म्हणाली. "हे उन्हात राह्यते."